समुदायनिर्मितीचे नियोजन (नवे समाजमाध्यम)

नव्या समाजमाध्यमावर कोणते गट असावेत, ते कोणी व कधी उघडावेत आणि थंडावलेल्या गटांचे काय करावे, हे ठरवण्याचे काम. सुरुवातीला गट मोजकेच ठेवणे, हे यातले मुख्य पथ्य. गटातला शेवटचा मजकूर महिन्यापूर्वीचा दिसला, की नवा सदस्य काही न लिहिताच निघून जातो आणि सहसा परतत नाही.

सांगली जिल्ह्यापुरते माध्यम काढले, तर दहा तालुक्यांचे दहा गट पाडण्याचा मोह होतोच. पण ३०० सदस्य दहा गटांत विभागले, की गटात ३० उरतात. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ प्रमाणानुसार शंभरांतले ९० जण नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि एकच नेमाने लिहितो. म्हणजे तालुक्याला नेमाने लिहिणारा एकही माणूस येत नाही.

त्यापेक्षा विषय धरावा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग पोंग्यात (कोंब फुटण्याच्या अवस्थेत) असताना पाऊस झाला, की डाऊनीसाठी (केवडा रोगासाठी) फवारणी आज घ्यावी की उद्या, हा प्रश्न तासगाव, मिरज, पलूस सगळीकडे एकदमच उठतो. उत्तर संध्याकाळपर्यंत मिळाले तरच कामाचे. म्हणून द्राक्षाचा गट छाटणीच्या तोंडावर उघडावा. शिराळ्याचा भात आणि आटपाडीचे डाळिंब पहिल्या फेरीत नकोतच.

उघडण्याआधी वीसेक लिहिते बागायतदार गाठून तीस-चाळीस खरे प्रश्न उत्तरांसह भरून घ्यावेत. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या संस्थापकांनी सुरुवातीला बनावट नावांनी मजकूर टाकला होता, हे त्यांनीच पुढे सांगितले. जिल्ह्यात ते खपत नाही; गाव आणि आडनाव कळले की दोन फोनांत छडा लागतो.

नव्या गटाची मागणी आली, तर आधी जुन्या गटात त्या विषयावर आठवड्याला किमान दहा प्रश्न येतात का, ते पाहावे. स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांच्या जाळ्याने २०१० मध्ये ‘एरिया ५१’ या नव्या स्थळांच्या प्रस्तावांसाठीच्या जागेवर अशीच चाळण लावली: आधी प्रस्ताव, मग सहभागाची हमी देणारे लोक, मग चाचणी. अ‍ॅडमिन दोन असावेत, आणि तेही एकाच दुकानाचे नकोत. कृषी सेवा केंद्राचा मालक एकटाच अ‍ॅडमिन झाला, की दर उत्तरात त्याच्याच फडताळातली औषधे येऊ लागतात. लोक तोंडावर बोलत नाहीत, गुपचूप व्हॉट्सअ‍ॅपवर परततात.

दोन महिने थंड पडलेला गट मूळ गटात मिसळावा, मात्र मजकूर पुसू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या वर्षीचे उत्तर शोधता शोधता नाकी नऊ येतात. पुढच्या छाटणीला लोक इथे येतील ते जुन्या उत्तरांसाठीच.