चालवणारा दुसरा, विमा संपलेला. भरपाई मालकाकडून का? : पार्श्वभूमी

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जो दावा दाखल होतो, त्याच्या पहिल्या पानावर सामनेवाल्यांची नावं असतात : चालक, मालक आणि विमा कंपनी. विमा संपलेल्या गाडीच्या दाव्यात तिसरं नावच नसतं. उरतात दोघं. चालक बहुतेक वेळा मित्र, मेहुणा, भाच्याचा दोस्त किंवा गॅरेजमधला पोरगा. त्याच्याकडून लाखांची रक्कम निघणं अवघड. मालक म्हणजे ज्याच्या नावावर एमएच १५ ची आरसी आहे तो. अपघाताच्या वेळी तो सातपूरला शिफ्टवर असेल आणि गाडी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर असेल, तरी नोटीस त्याच्या घरी येते. ‘मी गाडीत नव्हतोच,’ हे त्याचं पहिलं म्हणणं असतं. ते खरं असूनही टिकत नाही.

एके काळी ते टिकायचं. इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आलेला जुना नियम मालक-नोकर नात्याचा होता. नोकराने मालकाच्या कामावर असताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची. पण मित्राने स्वतःच्या कामासाठी गाडी नेली, तर मालकाचा संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सीताराम मोतीलाल कलाल प्रकरणात बहुमताने हीच रेघ धरली. मालकाने गाडी टॅक्सी म्हणून चालवायला एकाकडे सोपवली होती. त्याने ती क्लीनरला लायसन्सच्या चाचणीसाठी दिली आणि तेव्हा अपघात झाला. क्लीनर मालकाच्या कामावर नव्हता, म्हणून मालक सुटला. आजही कोणी हा निकाल पुढे करतो, पण त्यानंतर कायदा बराच पुढे गेला आहे.

दुसरी वाट विम्याच्या सक्तीतून आली. रस्त्यावरच्या माणसाला भरपाईचा हुकूम मिळायचा, पण धडक देणाऱ्याच्या खिशात काही नसायचं. म्हणून ब्रिटनने १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा सक्तीचा केला. मग १९३५ च्या मंक विरुद्ध वॉर्बी या निकालात नेमका आपला प्रश्न आला. मालकाने गाडी मित्राला उसनी दिली, त्याच्या वापराला विम्याचं संरक्षण नव्हतं, आणि अपघात झाला. न्यायालय म्हणालं, गाडी चालवण्यात मालकाची चूक नसेल, पण बिनविम्याची गाडी दुसऱ्याच्या हाती देणं हाच कायद्याचा भंग आहे आणि त्याची भरपाई जखमी माणूस थेट मालकाकडून मागू शकतो.

आपला मोटार वाहन कायदा १९३९ चा, पण त्यातलं विम्याचं आठवं प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ पासून. त्यातल्या कलम ९४ चे शब्द महत्त्वाचे आहेत. विमा नसताना गाडी स्वतः वापरायची नाही आणि दुसऱ्याला वापरू द्यायचीही नाही. हेच शब्द १९८८ च्या कायद्यात कलम १४६ मध्ये आले. ‘वापरू देणं’ यात काय काय येतं, हे गोव्यातल्या गुरू गोवेकर विरुद्ध फिलोमेना लोबो या १९८८ च्या निकालात दिसतं. गाडी दुरुस्तीला दिली होती, कारागिराच्या माणसाने ती चालवली आणि एक महिला जखमी झाली. दुरुस्तीला गाडी देणं हेही मालकाने वापरू देणंच आहे, असं ठरलं. तिथे विमा होता, म्हणून भार कंपनीवर गेला. अंबडच्या किंवा द्वारकेजवळच्या गॅरेजात आपण गाडी किल्लीसकट सोडून येतो, तेव्हा पॉलिसी चालू आहे का, हे पाहायचं कारण हेच.

खरं वळण १९८२ च्या दुरुस्तीत आहे, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. कलम ९२-अ आलं. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये द्यायचे, आणि ते देणारा म्हणून कायद्याने नाव घेतलं ‘वाहनाच्या मालकाचं’, चालकाचं नाही. रक्कम पुढे वाढत गेली, शब्द तोच राहिला. २०१९ च्या दुरुस्तीतून आलेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या कलम १६४ मध्ये मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहेत. देणारा मालक किंवा विमा कंपनी. कंपनी नसेल तर एकटा मालक.

मग मालक कोण? १९३९ च्या व्याख्येत नोंदणीचा उल्लेख नव्हता. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या कायद्याच्या कलम २(३०) ने तो आणला : ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. अपवाद दोन. मालक अल्पवयीन असेल तर पालक. आणि भाडेखरेदी, लीज किंवा हायपोथिकेशन (कर्जासाठी गाडी तारण) असेल तर गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरलं. त्यामागचा विचार मला पटतो. जखमी माणसाने विक्रीच्या चिठ्ठ्या घेऊन एकेका खरेदीदाराचा माग काढत फिरावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच वर्षीच्या प्रकाशचंद डागा प्रकरणात ११ सप्टेंबर २००९ ला विकलेल्या सँट्रोचा अपघात ९ ऑक्टोबरला झाला. नाव बदलायची मुदत संपलेली नव्हती, तरी मालक आरसीवरचाच धरला गेला.

न विचारता नेलेल्या गाडीचंही तसंच. जवाहर सिंग विरुद्ध बाला जैन (२०११) मध्ये नात्यातल्या अल्पवयीन मुलाने घरातली किल्ली उचलून मोटरसायकल नेली. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालला नाही. किल्ली हाताशी लागेल अशी ठेवणं, ही मालकाची चूक ठरली. २०१९ नंतर कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाच्या गुन्ह्यात पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, इतकं होऊ शकतं.

विमा नसल्याचा दंड कलम १९६ मध्ये पहिल्या वेळी २,००० आणि पुढे ४,००० रुपये आहे. लोक एवढाच आकडा लक्षात ठेवतात, आणि घात होतो तो इथेच. मोठा आकडा दुसरीकडे आहे. ३२ वर्षांचा, महिन्याला १५,००० कमावणारा, स्वतःचा धंदा असलेला, मागे चार अवलंबून असलेला माणूस गेला, असं धरा. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,००० होतात. त्यातून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १५,७५० उरतात. वर्षाचे १,८९,०००, आणि सरला वर्मा निकालातला, वयानुसार ठरणारा गुणक १६. झाले ३०,२४,०००. साडेसात टक्के व्याज धरलं आणि निकालाला चार वर्षं लागली, तर आणखी नऊ लाख. १ जून २०२२ पासूनच्या दरात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,०९४ रुपये अधिक जीएसटी आहे. मालकाने पैसे भरले नाहीत, तर न्यायाधिकरण कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. सिन्नर-निफाडकडे ज्याची शेती आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

गाडीही सहज सुटत नाही. उषा देवी विरुद्ध पवन कुमार प्रकरणात सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना नियम करायला सांगितलं की, अपघातातली बिनविम्याची गाडी पुरेसं तारण दिल्याशिवाय सोडायची नाही. तीन महिन्यांत तारण आलं नाही तर लिलाव आणि पैसे न्यायाधिकरणाकडे. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांचा पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जातो. त्यातला मालकाचा फॉर्म ४ भरून द्यायला मालकाला ३० दिवस असतात.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. सर्वांत घातक गैरसमज ९० दिवसांचा. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) टिकतो, एवढाच त्याचा अर्थ. संरक्षण शेवटच्या तारखेच्या मध्यरात्रीच संपतं. दुपारी अपघात झाल्यावर संध्याकाळी काढलेल्या पॉलिसीवर सुरू होण्याची वेळ छापलेली असते, ती आधीच्या अपघाताला लागू होत नाही. दुसरी चूक १ सप्टेंबर २०१८ नंतरच्या नव्या गाड्यांची. कारला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळतो. इतकी वर्षं शोरूमने केलेलं आपण विसरतो आणि चौथ्या वर्षी कार, सहाव्या वर्षी दुचाकी बिनविम्याची फिरते. एम-परिवहनवर आरसी उघडून ‘विमा कधीपर्यंत’ ही ओळ बघायला मिनिटही लागत नाही.

गाडी देण्यापूर्वी घेणाऱ्याचं लायसन्सही डिजिलॉकरवर पाहावं. ते त्या प्रकारच्या गाडीचं आणि चालू असलं पाहिजे. नाहीतर विमा असला तरी कंपनी आधी भरपाई देते आणि मग मालकाकडून वसूल करते. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात कंपनीवर बंधन आहे ते मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचं. लायसन्स पाहिल्याचा पुरावा तिथे कामाला येतो. गाडी विकताना नोटरीच्या कागदावर थांबू नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म २९ आपणच १४ दिवसांत द्यावा (खरेदीदार दुसऱ्या राज्यातला असेल तर मुदत ४५ दिवस), आणि आरसीवरचं नाव बदललेलं स्वतः पाहावं. डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत आहे का ते विचारून फॉर्म २९-सी पोर्टलवर भरून घ्यावा. तो भरल्यावर पुढच्या अपघाताला डीलर मालक मानला जातो. त्या फॉर्मची पोच हाती येईपर्यंत दुसरी किल्ली आपल्याकडेच ठेवावी.