घोड्याला बैलाची वैरण चालत नाही

आषाढी वारीतले माउलींचे अश्व निघतात चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, तेही पायी. निपाणी-रायबाग पट्ट्यात शर्यतीची आणि वरातीची घोडीही आहेत. पण आपल्याकडची वैरणीची अक्कल पिढ्यान् पिढ्या बैलावर घडलेली, आणि घोटाळा तिथेच होतो.

बैल भराभर गिळतो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. घोड्याला ती सोय नाही. त्याचं जठर जेमतेम 10-15 लिटरचं आणि त्यात आम्ल रात्रंदिवस पाझरत असतं, पोट रिकामं असलं तरी. ते आम्ल मारते लाळ, अन् घोड्याला लाळ सुटते फक्त चावताना. खाणाऱ्या घोड्याजवळ जरा उभं राहून ऐका. जबडा आडवा फिरतो, करकर आवाज येत राहतो. किलोभर वाळलं गवत संपायला पाऊण तास लागतो. तेवढंच धान्य दहा-पंधरा मिनिटांत फस्त! म्हणून 400 किलोच्या घोड्याला रोज निदान 6 किलो सुकी वैरण हवी, तीही तीन-चार वेळा वाटून. रात्रीची तर चुकवूच नये.

शर्यत जवळ आली की तोबरा हरभऱ्याने, मक्याने गच्च भरतात. धान्यातलं स्टार्च लहान आतड्यात पचायला हवं. जास्त झालं की न पचता पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात आणि विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. त्याचा फटका बसतो तो खुरांना: खूर गरम लागतात, घोडा पुढचे पाय ताणून भार मागे टाकतो. एका वेळी दीड-दोन किलोच्या वर धान्याचा खुराक नको, आणि खाणं बदलायचं तर 10-14 दिवसांत हळूहळू.

साखर कारखाने सुरू झाले की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, जिकडे तिकडे. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. बैलाच्या पोटातले जंतू ते आधीच फोडतात. घोड्यात कॅल्शियम शोषलं जाण्याची जागा आधी येते आणि जंतू नंतर. वर गव्हाचा कोंडा दिला तर त्यातलं फॉस्फरस भर घालतं. शरीर मग हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतं आणि तोंडाची हाडं फुगतात. थोडं वाढं चालेल, पण महिनोन् महिने तेवढंच नको.

गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. बैलाला सोसतं तेवढं औषध घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ते खाद्य तबेल्यात आणूच नका. पावसात भिजून काळा पडलेला, झटकला की धूळ उडणारा कडबाही घोड्याला घालू नका.

घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं खाल्लेलं परत बाहेर येत नाही. तो पाय आपटू लागला, वळून वळून कुशीकडे बघू लागला, लोळू लागला, तर समोरची वैरण उचला आणि डॉक्टरांना बोलवा. बैलाला नळ्याने तेल पाजतात तसं याला पाजू नका. ते श्वासनळीत गेलं तर पोटशूळ बाजूलाच राहतो आणि फुफ्फुसं जातात.