अंटार्क्टिकाच्या बर्फाखालचा खडक अभ्यासायचा असेल तर : पात्रता, परवानग्या, कागदपत्रे आणि वेळेचे गणित

भारताचा पूर्व घाट आणि पूर्व अंटार्क्टिकाचा काही किनारा गोंडवनात एकमेकांना चिकटून होते, हे भूशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिकवले जाते. पुढे संशोधनाला लागल्यावर साहजिकच वाटते, की तिथला खडक आपणही काढून बघावा. अडचण एवढीच, की त्या खंडाचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे आणि बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. उघड्या खडकावर हातोडी चालवणे हा एक प्रकार झाला. बर्फ भेदून तळाचा गाळ किंवा खडक वर आणणे हा पूर्ण वेगळा प्रकार आहे, आणि त्याचा कागदोपत्री प्रवासही वेगळा आहे.

बहुतेक जण आधी ड्रिलचा विचार करतात, मग पैशांचा आणि सगळ्यात शेवटी पर्यावरण मूल्यमापनाचा. हा क्रम नेमका उलटा हवा. तुमचा हंगाम कोणता, हे यंत्रावर ठरत नाही. मूल्यमापनाच्या मुदतींवर ठरते.

मुळात हे करता येते का?

येते. अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरण संरक्षण प्रोटोकॉलवर ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिदमध्ये सह्या झाल्या आणि १४ जानेवारी १९९८ पासून तो लागू आहे. त्याच्या सातव्या कलमाने खनिज संपत्तीशी संबंधित प्रत्येक कामावर बंदी घातली आहे, अपवाद फक्त वैज्ञानिक संशोधनाचा. म्हणून प्रस्तावात ‘खनिज साठ्यांची शक्यता तपासणे’ अशा धाटणीचे एक वाक्यही नको. आपल्याकडे अर्थसाहाय्य मागताना ‘भविष्यातील उपयोग’ असा रकाना भरायची सवय असते. ती इथे थेट नडते.

भारतापुरते बोलायचे तर भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ लागू होतो. परवाना देण्याचे काम या कायद्याखालील अंटार्क्टिक प्रशासन आणि पर्यावरण संरक्षण समितीचे, आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे सचिव तिचे अध्यक्ष असतात. भारतीय मोहिमेने तिथे जाणे, भारतीय स्थानकात राहणे, ड्रिलिंग किंवा खोदकाम करणे, इतकेच काय, खनिजांचे नमुने गोळा करणे, या सगळ्याला परवाना लागतो. परवान्याशिवाय खनिजांसाठी ड्रिलिंग केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि १० ते ५० लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. खिशात घातलेला एखादा दगडसुद्धा नमुनाच, हे गटातल्या तरुण मंडळींना आधीच बजावून ठेवा.

कोण अर्ज करू शकते? दोन वाटा

पहिली वाट गोव्यातून जाते. वास्कोच्या हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, म्हणजे सगळे ज्याला एनसीपीओआर म्हणतात ते. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा हेच केंद्र चालवते आणि मैत्री (१९८९ पासून) व भारती (२०१२ पासून) ही स्थानकेही त्याच्याच ताब्यात आहेत. मोहिमेसाठी केंद्र प्रस्ताव मागवते. विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा, सरकारी संशोधन संस्था यांतले शास्त्रज्ञ संस्थेमार्फत अर्ज करतात. पीएचडीचा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या प्रस्तावात सहभागी म्हणून येतो. संस्थेचे पाठबळ नसलेल्या एकट्या अभ्यासकासाठी ही वाट नाही.

दुसरी वाट दुसऱ्या देशाच्या प्रकल्पात सामील होण्याची. बर्फाखालच्या खोल ड्रिलिंगसाठी मला हीच जास्त व्यवहार्य वाटते, कारण हे काम कोणताही देश सहसा एकट्याने करत नाही. मॅकमर्डो भागात २००६ ते २००८ या काळात झालेल्या अँड्रिल प्रकल्पात अमेरिका, न्यूझीलंड, इटली आणि जर्मनी एकत्र होते. दोन ठिकाणी मिळून त्यांनी २,४०० मीटरच्या आसपास कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेला खडक-गाळाचा दंडगोल, वर काढला. सध्याच्या स्वेस-टू-सी प्रकल्पात तर त्याहून जास्त देश आहेत. पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर पूर्वीच्या उष्ण काळात वितळला होता का, हे त्यांना तळाच्या गाळातून शोधायचे आहे. या वाटेने गेल्यास कायद्यात सोय आहे : प्रोटोकॉलमधल्या दुसऱ्या सदस्य देशाची लेखी परवानगी असेल, तर भारतीय समितीचा वेगळा परवाना लागत नाही. पण ती लेखीच हवी. प्रकल्पप्रमुखाचे ‘काळजी करू नका, तुमचे नाव आमच्या यादीत आहे’ असे ईमेल म्हणजे परवानगी नव्हे. ज्या परवान्याखाली तुम्ही जाणार त्याची प्रत मागून घ्या आणि आपल्या संस्थेकडे ठेवा.

पैशांसाठी आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक ड्रिलिंग कार्यक्रम, म्हणजे आयसीडीपी, हा मोठा आधार आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांना तो कोयनेमुळे ऐकून माहीत असेल : कोयनेतल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विवर घेण्याची आखणी २०११ मध्ये आयसीडीपीच्या पाठबळाने झालेल्या कार्यशाळेत झाली, आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर घेतले गेले. क्रम इथेही तोच आहे. आधी कार्यशाळेचा प्रस्ताव, मग कार्यशाळा, मग पूर्ण प्रस्ताव. प्रस्तावांची वार्षिक मुदत १५ जानेवारी अशी चालत आली आहे. आयसीडीपी सगळा खर्च उचलत नाही, बाकीचा सहभागी देशांनी उभा करायचा असतो. त्यामुळे ‘उरलेला पैसा कुठून’ याचे उत्तर पूर्ण प्रस्तावात लागतेच.

मूल्यमापन : खरा वेळ इथे जातो

प्रोटोकॉलच्या पहिल्या परिशिष्टात तीन पायऱ्या आहेत. परिणाम ‘किरकोळ किंवा तात्पुरत्या’पेक्षाही कमी असेल, तर देशाच्या पातळीवरच्या प्राथमिक छाननीवर भागते. किरकोळ किंवा तात्पुरता असेल, तर प्रारंभिक पर्यावरणीय मूल्यमापन. त्याहून जास्त असण्याची शक्यता असेल, तर सर्वंकष मूल्यमापन, बोलीभाषेत सीईई. उघड्या खडकावरचे नमुने किंवा रडार सर्वेक्षण सहसा पहिल्या दोन पायऱ्यांत बसते. बर्फाखालच्या तळ्यात किंवा गाळात शिरणारे खोल ड्रिलिंग असेल, तर सीईई धरूनच चाला. व्होस्टॉक तळ्यासाठी रशियाने, एल्सवर्थ तळ्यासाठी ब्रिटनने आणि अँड्रिलसाठी न्यूझीलंडने तेच केले. ड्रिलिंग सोडा, भारताला भारती स्थानक बांधतानाही सीईईतून जावे लागले.

सीईईच्या मुदती पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत. मसुदा सर्व सदस्य देशांना पाठवायचा आणि अभिप्रायासाठी ९० दिवस द्यायचे. तोच मसुदा प्रोटोकॉलखालच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण संरक्षण समितीकडे (वर आलेली भारतीय समिती वेगळी), कराराच्या पुढच्या सल्लागार बैठकीच्या किमान १२० दिवस आधी पोचला पाहिजे. ही बैठक वर्षातून एकदाच भरते (२०२४ मध्ये ती कोचीला झाली). १२० दिवस हुकले, की वर्ष गेले. अंतिम अहवाल काम सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी प्रसिद्ध करायचा. दिलासा एकच : मसुद्यावरचा निर्णय या प्रक्रियेमुळे १५ महिन्यांपेक्षा जास्त लांबवता येत नाही.

आता उलटे मोजू. समजा डिसेंबर २०३१ मध्ये ड्रिल लावायचा आहे. सामान जहाजाने जाणार आणि यंत्रांची मागणी त्याच्या किती तरी आधी नोंदवावी लागणार, म्हणून २०३१ च्या बैठकीवर अवलंबून राहणे धोक्याचे. २०३० ची बैठक धरा. ती मे-जूनच्या सुमारास असेल असे मानले, तर मसुदा जानेवारी २०३० पर्यंत तयार हवा. त्यात त्या जागेची आजची स्थिती मोजून द्यावी लागते, म्हणजे २०२८-२९ च्या उन्हाळ्यात तिथे एक सर्वेक्षण झालेले असले पाहिजे. त्या सर्वेक्षणाचा स्वतंत्र प्रस्ताव आणि स्वतंत्र मूल्यमापन २०२७-२८ मध्ये. एका कोअरसाठी चार वर्षे, तीही सगळे सुरळीत पार पडले तर.

मसुद्यात काय हवे, ते परिशिष्टातच दिले आहे : कामाचे वर्णन, पर्याय, मूळ स्थिती, थेट, अप्रत्यक्ष आणि साचत जाणारे परिणाम, ते कमी करण्याचे उपाय, न टाळता येणारे परिणाम, माहितीतल्या त्रुटी, आणि सामान्य माणसाला कळेल असा सारांश. पर्यायांमध्ये ‘हे काम केलेच नाही तर’ याचाही विचार सक्तीचा आहे. तो भाग दोन ओळींत उरकणारे मसुदे टीकेचे धनी होतात. ‘माहितीतल्या त्रुटी’ हा मथळाही घाबरून रिकामा ठेवू नका, तिथला प्रामाणिकपणा जमेची बाजू ठरतो.

सर्वांत जास्त प्रश्न ड्रिलिंगच्या द्रवावर येतात. व्होस्टॉकला विवर गोठू नये म्हणून केरोसीन वापरले होते. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी ३,७६९.३ मीटरवर ड्रिल तळ्याला भिडले, आणि त्यानंतर नमुन्यात सापडलेले जीवाणू तळ्यातले की ड्रिलच्या द्रवातले, हा वाद बराच काळ चालला. जानेवारी २०१३ मध्ये व्हिलन्स तळ्यात अमेरिकी गटाने सुमारे ८०० मीटर बर्फातून गरम पाण्याने वाट काढली. ते पाणी आधी गाळून आणि अतिनील किरणांखालून नेऊन निर्जंतुक केले होते. बर्फाखालच्या जलीय पर्यावरणासाठी स्कारची, म्हणजे अंटार्क्टिक संशोधनाच्या वैज्ञानिक समितीची, आचारसंहिता आहे. मसुद्यातला प्रत्येक मुद्दा तिच्याशी जुळवून दाखवा.

फसण्याचीही तयारी लिहून द्यावी लागते. एल्सवर्थची मोहीम डिसेंबर २०१२ मध्ये तळ्यापर्यंत न पोचताच थांबवावी लागली. अर्धवट सोडलेल्या विवराचे, उरलेल्या इंधनाचे आणि अडकलेल्या साधनाचे काय करणार, हा प्रश्न समितीत हमखास येतो.

फाइलमध्ये काय काय?

संस्थाप्रमुखांच्या सहीचा प्रस्ताव, सहभागी संस्थांची संमतीपत्रे, प्रत्येक सदस्याचा परिचय आणि कामाची वाटणी. उपकरणांची यादी वजन, आकारमान आणि विजेच्या गरजेसह द्या. इथे अंदाजपंचे आकडे चालत नाहीत, कारण विमानात किंवा जहाजात जागा त्यावरच ठरते. मूल्यमापनाचा दस्तऐवज. कचरा व्यवस्थापनाचा आराखडा, कारण भारतीय कायद्यानुसार त्याशिवाय परवाना देताच येत नाही. भूकंपीय सर्वेक्षणासाठी स्फोटके किंवा विवर-मापनासाठी किरणोत्सारी स्रोत नेणार असाल, तर त्यांचे स्वतंत्र तपशील आणि परत आणण्याची हमी.

जागा संरक्षित क्षेत्रात येते का, तेही पाहा. भारतीजवळचा स्टॉर्नेस द्वीपकल्प हे विशेष संरक्षित क्षेत्र क्रमांक १७४ आहे, आणि त्याला संरक्षण मिळाले तेच तिथल्या दुर्मीळ खनिजांमुळे. मैत्रीजवळची दक्षिण गंगोत्री हिमनदी क्रमांक १६३. अशा ठिकाणी पाऊल टाकायलाही वेगळा परवाना लागतो, आणि नमुने किती व कसे घ्यायचे हे त्या क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा ठरवतो.

माणसांच्या बाजूने वैद्यकीय तपासणी, हमीपत्रे आणि औली इथले बर्फावरचे प्रशिक्षण. अंटार्क्टिकाचा व्हिसा नसतो, पण वाटेतल्या देशाचा असतो : भारतीय मोहीम केपटाऊनमार्गे जाते, रॉस समुद्राकडचे प्रकल्प बहुधा क्राइस्टचर्चमार्गे. परतीला गाळाचे किंवा पाण्याचे नमुने नेताना त्या देशाचे जैवसुरक्षेचे नियमही आडवे येतात, ते निघण्याआधीच विचारून घ्या.

पॅकिंगचेही तसेच. निर्जंतुक न केलेली माती आणि थर्माकोलचे दाणे अंटार्क्टिकात न्यायला बंदी आहे. नवीन उपकरण कारखान्यातून येते तेच मुळी अशा दाण्यांत बुडवून. खोके इथेच उघडा, दाणे काढून टाका, बूट आणि तंबूचे खुंटे घासून धुवा, आणि मगच यादीवर सही करा.

परत आल्यावर फाइल बंद होत नाही. निरीक्षणे आणि निष्कर्ष सर्वांना खुले ठेवणे हे कराराच्या तिसऱ्या कलमाने आलेले बंधन आहे. सीईई झालेल्या कामात प्रत्यक्ष परिणाम किती झाला याच्या देखरेखीचे अहवालही द्यावे लागतात. कोअरचा कोणता तुकडा कोणाकडे जाणार, पहिला लेख कोण लिहिणार, भारतीय गटाला नमुने किती दिवसांत मिळणार, हे जायच्या आधीच करारनाम्यात लिहून घ्या. छावणीवर गोडीगुलाबीत ठरलेल्या गोष्टी दोन वर्षांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या आठवतात.