ईगल रे निरीक्षण

प्रवाळभित्तीवर स्कूबा डायव्हिंग करताना ठिपकेदार ईगल रे हा पाकटांच्या गटातला मासा शोधणे व न बुजवता पाहणे. बडोद्याला जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा, पण तिथले पाणी गाळाने गढूळ आणि भरती-ओहोटी जबरदस्त. त्यामुळे बडोद्याच्या मराठी डायव्हरांना यासाठी अंदमान किंवा लक्षद्वीप गाठावे लागते.

हिंदी-प्रशांत महासागरांतील जातीचे शास्त्रीय नाव एटोबॅटस ओसेलॅटस. गडद पाठीवर पांढरे ठिपके, पोट पांढरे, मुस्कट बदकाच्या चोचीसारखे चपटे, शेपटी लांब व चाबकासारखी. पंखांची रुंदी ३ मीटरपर्यंत भरते. शेपटीच्या बुडाशी विषारी काटे असतात, म्हणून मागून किंवा वरून जवळ जाऊ नये. मांटा रे या दुसऱ्या मोठ्या पाकटाचे तोंड डोक्याच्या पुढच्या टोकाला असते. ईगल रेचे खालच्या बाजूला. साधे पाकट बहुधा वाळूत दबून बसते, ईगल रे मात्र बराच वेळ पाण्याच्या मधल्या थरात पोहत असतो.

तरणतलावात शिकलेल्यांची नजर तळाशी खिळलेली असते आणि ईगल रे तिथेच हुकतो. भित्तीच्या कडेला, प्रवाह वाहतो त्या टोकाशी थांबावे आणि दर मिनिटाला एकदा तरी बाहेरच्या निळ्या पाण्याकडे पाहावे. शेजारच्या वाळूवर धुरळा उठताना दिसला तर तिकडे लक्ष द्यावे: तो शिंपले व खेकडे उकरत असू शकतो, आणि सर्वांत निवांत निरीक्षण याच वेळी होते. दिसताच वर-खाली न होता पाण्यात स्थिर तरंगत, हात अंगाशी घेऊन, त्याच्या वाटेपासून बाजूला राहावे. बुडबुड्यांनी तो बिचकतो, म्हणून श्वास सावकाश सोडावा. पण रोखून कधीच धरू नये, कारण वर येताना फुफ्फुसांतील हवा प्रसरण पावून ती फाटू शकतात.

सर्वांत घातक चूक पाठलागाची. ईगल रे सहज उतारावरून खोल जातो आणि मागे लागलेला डायव्हर ओपन वॉटर या प्राथमिक डायव्हिंग प्रशिक्षणाची १८ मीटरची मर्यादा नकळत ओलांडतो. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असल्याने हवाही तिप्पट वेगाने संपते. धाप लागली की त्याहून लवकर. म्हणून टाकीतील हवेचा दाब दाखवणारा गेज आधी पाहावा, मग मासा. टाकीत ५० बार (दाबाचे एकक) उरतील तेव्हा पृष्ठभागावर असावे आणि त्याआधी ५ मीटरवर ३ मिनिटे थांबलेले असावे.

बडोद्याला परतायचे विमान असल्यास अनेक डाइव्हनंतर किमान १८ तासांचे अंतर ठेवावे. तिकीट काढतानाच शेवटचा डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी धरलेला बरा.