पुळणीवरचा माग: कोकणातलं कासवांचं काम सुरू कसं झालं

मार्च आला की दरवर्षी फोन सुरू होतात, पुण्याची मंडळी, मुंबईची मंडळी, "अरे शनिवारी कासवं नक्की दिसतील ना", आणि मी दरवर्षी तेच सांगतो की बाबांनो, पिल्लं त्यांच्या हिशोबाने बाहेर येतात, त्यांना वीकेंड कळत नाही. ह्या वेळी मात्र एका मित्राने वेगळंच विचारलं. म्हणाला, कोकणात अंडी राखायचं, पिल्लं समुद्रात सोडायचं हे काम सुरू कसं झालं, त्याआधी काय होतं? फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहितोय.

त्याआधी काय होतं, तर लोक अंडी खात होते. आमच्या आजीच्या वेळी थंडीत कासवाची अंडी घरात येणं म्हणजे काही आक्रीत नव्हतं, कुणी खायचं, कुणी बाजारात विकायचं, दम्यावर चांगली म्हणून कुणी मुद्दाम मागून न्यायचं. आजी सांगायची की कितीही उकळा, आतलं पांढरं काही घट्ट होत नाही, कोंबडीच्या अंड्यासारखं. (हे खरंच आहे, कासवाच्या अंड्यातलं पांढरं उकळूनही पातळच राहतं.) आणि हीच आजी देवळात गेली की सभामंडपातल्या दगडी कासवाला आधी हात लावायची आणि मगच गाभाऱ्याकडे वळायची. तिला ह्यात काहीच विचित्र वाटायचं नाही, आणि मलाही तिच्यावर हसावंसं वाटत नाही, तिच्या काळात समुद्रात एवढे ट्रॉलर कुठे होते.

आता ही अंडी काढायची म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. आपल्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले, दोन-सव्वादोन फुटांची पाठ, चाळीस-पंचेचाळीस किलो वजन. रात्री भरतीच्या पाण्याबरोबर मादी वर येते, मागच्या वल्ह्यांनी दीड फूट खोल मडक्याच्या आकाराचा खड्डा काढते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मग एक गंमत करते, डावी-उजवीकडे डुलत पोटाची ढाल वाळूवर आपटून आपटून ती जागा चोपून घट्ट करते, अगदी अंगण चोपल्यासारखं. मग जाताना आजूबाजूची वाळू उडवून सगळं विस्कटून टाकते. सकाळी उरतो तो फक्त माग, ट्रॅक्टरचं एक चाक गेल्यासारखा, पाण्यातून वर आलेला आणि पाण्यात परत गेलेला. रिडले वल्ही आळीपाळीने टाकते म्हणून तिच्या मागात डाव्या-उजव्या खुणा समोरासमोर येत नाहीत, हिरवं कासव दोन्ही वल्ही एकदम टाकतं म्हणून त्याच्या येतात. जाणता माणूस एवढ्यावरून कोण आलं होतं ते सांगतो. पण माग सापडला म्हणजे अंडी सापडली असं नाही, कधी कधी मादी वर येऊन नुसतीच परत जाते, आणि अंडी घातली असली तरी त्या विस्कटलेल्या वाळूत नेमकी जागा कुठली ते कळायला हात लागतो. हलक्या हाताने काठी टोचत जायचं, एका जागी वाळू भुसभुशीत लागते, काठी आत जाते, तिथे हाताने उकरायचं. जोरात टोचलीत तर अंडी फुटली.

हे सगळं ज्याला येत होतं तो अंडी काढणारा माणूस होता, आणि माझ्या मते पुढची सगळी गोष्ट ह्या एका माणसाभोवती फिरते.

कायदा तसा जुना आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, ऑलिव्ह रिडले त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण पहाटे चार वाजता पुळणीवर कोण येणार कायदा सांगायला! शास्त्रज्ञ मंडळींचं लक्षही बराच काळ दुसरीकडे होतं आणि त्यात त्यांची चूक नाही. १९७४ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याची बातमी जगाला कळली, तिथे लाखांच्या हिशोबाने रिडले एकदम वर येतात, तर ती सोडून आमच्या एकेकट्या कासवाकडे कोण बघणार. मद्रासला ७० च्या दशकातच पोरं रात्री किनाऱ्यावर फिरून अंडी गोळा करून हॅचरीत, म्हणजे पिल्लं निघेपर्यंत अंडी राखायच्या जागेत, ठेवायला लागली होती. आणि सतीश भास्कर नावाचा एक विलक्षण माणूस देशाचे किनारे आणि बेटं पायी पालथी घालत होता.

भास्करांबद्दल थोडं सांगतोच, विषयाला सोडून होईल पण असू दे. लक्षद्वीपमध्ये सुहेली म्हणून निर्मनुष्य बेट आहे, तिथे हिरवी कासवं ऐन पावसाळ्यात अंडी घालतात. पावसाळ्यात तिथे होडी जात नाही. म्हणून हा माणूस १९८२ साली पाऊस सुरू व्हायच्या आधीच तिथे जाऊन उतरला आणि पावसाळाभर एकटा राहिला, कासवं मोजत. पत्र पाठवायला पोस्ट नाही, तर त्यांनी बायकोला लिहिलेली चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात टाकली, ती चोवीस दिवसांनी श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागली आणि तिथल्या एका मच्छीमाराने ती खरंच पोस्टाने पुढे पाठवली. २०२३ मध्ये भास्कर गेले. आज भारतातल्या कासवांबद्दल जे काही माहीत आहे त्याचा पाया बऱ्यापैकी ह्या माणसाच्या पायपिटीचा आहे.

आपल्या कोकणात बेटं आहेत पण बहुतेक कातळाची, कासवाला काय करायचीत ती. कासव येतं ते दोन खाड्यांच्या मधे अडकलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर, वेळास, केळशी, आंजर्ले, मुरुड, कोळथरे, गुहागर, गावखडी, खाली सिंधुदुर्गात तांबळडेग, वायंगणी, वर रायगडात हरिहरेश्वर, दिवेआगर. पूल व्हायच्या आधी ही गावं बेटंच होती म्हणा ना, तर इथे कासवं उरली एवढ्या उशिरापर्यंत ह्याचं एक कारण तेही असेल.

तर चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, हे लोक आधी कासवांसाठी हिंडतच नव्हते. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनारा फिरत होते, आणि वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. वेळास म्हणजे बाणकोटजवळचं, सावित्रीच्या मुखाच्या अलीकडचं छोटंसं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. गावात चौकशी केली तर कळलं की अंडी काढली जातात, उरलेली कुत्री आणि कोल्हे खातात. साल २००२. त्याच सुमारास मुंबईच्या बीएनएचएसनेही (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) राज्याच्या किनाऱ्याचा कासवांसाठी सर्व्हे केला होता, केंद्र सरकार आणि यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) ह्यांच्या प्रोजेक्टमधून, त्यामुळे राज्यात कासवं येतात हे कागदावर तरी आलं होतं.

आणि इथे काटदरे मंडळींनी शहाणपणाची गोष्ट केली, निदान मला ती तशी वाटते. पोलीस आणले नाहीत, पाट्या ठोकल्या नाहीत, ज्याला अंडी शोधता येतात त्यालाच हाताशी धरलं. काम तेच, पहाटे उठायचं, माग बघायचा, काठी टोचायची, अंडी काढायची, फक्त बाजारात न्यायच्या ऐवजी कुंपण घातलेल्या हॅचरीत न्यायची, मानधन मिळेल. नव्या माणसाला हे शिकवायला पाच हंगाम गेले असते. पुढे ह्याच लोकांना कासवमित्र म्हणायला लागले आणि आज ते नाव इतकं रुळलंय की आधीचं कुणाला आठवतही नाही, आठवण करून दिली तर काही जण जरा रागावतात.

हॅचरीत नेण्याचंही एक तंत्र आहे. अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की खेळ खलास. म्हणून सकाळी लवकर, न फिरवता, बादलीत तळाशी त्याच घरट्यातली वाळू घालून न्यायची, तेवढाच खोल, तसाच मडक्यासारखा खड्डा काढून त्यात ठेवायची, तारखेची पाटी लावायची. पंचेचाळीस ते साठ दिवस. मग एक दिवस त्या जागची वाळू वाटीसारखी खचते आणि काळी काळी टोकं वर यायला लागतात.

२००६ च्या सुमारास वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. हॅचरीतून निघालेल्या पिल्लांवरची टोपली उचलायची, पिल्लं वाळूवर, आणि दोरीच्या मागे उभे राहून आपण बघायचं, सकाळी आणि संध्याकाळी. राहायची सोय गावातल्या घरांतच, पडवीत गाद्या, जेवायला कुळथाचं पिठलं, सोलकढी, कधी मोदक. लॉज बांधायला कुणी आलं नाही ह्याचं श्रेय गावाला द्यायला पाहिजे. पैसा घरोघरी गेला आणि अंडी विकण्यापेक्षा पिल्लं दाखवण्यात जास्त मिळतंय हे गणित बायकांना आधी कळलं, पुरुषांना नंतर. गर्दीचा त्रास आहेच, पहाटे पाच वाजता मोबाइलचे टॉर्च लावून धावणारे लोक बघितले की वाटतं ह्यांनाच टोपलीखाली ठेवावं. पिल्लू उजेडाकडे वळतं हो, क्षितिजाचा उजेड म्हणजे समुद्र एवढंच त्याला कळतं.

सरकार मागून आलं पण आलं. २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष झाला, नंतर त्याचं प्रतिष्ठान, आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या किनाऱ्यांवर कासवमित्र आणि हॅचऱ्या असा सगळा घाट नीट बसला. २०१८ च्या शेवटी एक चांगला निर्णय झाला, जाळ्यात कासव अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडलं तर पंचवीस हजारांपर्यंत नुकसानभरपाई, फोटो-व्हिडिओ दाखवून. ह्याची पार्श्वभूमीही ऐकण्यासारखी आहे, ९० च्या दशकात अमेरिकेने म्हटलं की ट्रॉलच्या जाळ्याला कासव निसटायची खिडकी बसवा नाहीतर तुमची कोळंबी घेत नाही, भारत आणखी तीन देशांबरोबर जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) भांडायला गेला. आमच्याकडच्या खलाशांचं म्हणणं साधं होतं, खिडकीतून कासवाबरोबर म्हावरंही जातं, ते कोण भरून देणार? भरपाईच्या योजनेने त्या प्रश्नाला अर्धं का होईना उत्तर दिलं.

मग राहिला प्रश्न की ही कासवं वर्षभर असतात कुठे. वीस वर्षं आपण अंडी राखली, पण मादी पाण्यात शिरली की पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला पहिल्यांदा एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि कांदळवनवाल्यांनी मिळून, नाव ठेवलं प्रथमा. मग आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी. २०२३ मध्ये गुहागरलाच बागेश्री आणि गुहा. ह्यातली बागेश्री दक्षिणेला निघाली ती श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात. भास्करांच्या बाटलीने पण अर्धी वाट हीच धरली होती.

आणि उलट दिशेचा पुरावा तर गुहागरच्या वाळूवर स्वतः चालत आला. २७ जानेवारी २०२५ च्या रात्री एक मादी अंडी घालायला वर आली, तिच्या वल्ह्याला धातूची पट्टी, नंबर ०३२३३. शोध घेतला तर ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याजवळ बसवलेली निघाली. साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं जे धरून चाललो होतो त्याला तिने एका रात्रीत खिंडार पाडलं. तिने १२० अंडी घातली होती, त्यातून १०७ पिल्लं निघाली.

आता किनाऱ्यावर वाद चालतो तो वेगळा, अंडी हलवायची की जागेवरच ठेवून नुसती जाळी घालायची. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९-३० अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त, म्हणून काही हॅचऱ्यांवर हिरवं शेडनेट आलंय. शास्त्रज्ञ म्हणतात शक्य तिथे जागेवर ठेवा, आणि गावातले जुने कासवमित्र म्हणतात ठेवा की, पण मग रात्रीची कुत्री तुम्ही राखा. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) काही ठिकाणी पुळणीचा उतारच बदललाय, पूर्वी जिथे घरटी व्हायची तिथे आता उधाणाचं पाणी येतं, आणि कुठली जागा सुरक्षित हे अजून तरी त्यांनाच विचारावं लागतं. गेल्या डिसेंबरात एका म्हाताऱ्याबरोबर पहाटे फिरलो, मला दिसायच्या आधीच त्याने माग ओळखला आणि म्हणाला, "हिने घातली नाहीत, नुसती फिरून गेली." तरी आम्ही काठी टोचून बघितली. खरंच नव्हती.