ऑइल बाथ एअर क्लीनर: तेलाच्या खुणेमागचा इतिहास

जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑइल बाथ एअर क्लीनरविषयी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा तेलाच्या मदतीने गाळणाऱ्या भांड्याविषयी, एक सूचना हमखास सापडते: तेल खुणेपर्यंतच भरा, कमी नको, जास्त नको. ही ताकीद कशासाठी, हे समजायला कच्च्या रस्त्यांच्या काळात जावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारींना एअर क्लीनर नसायचाच. कार्ब्युरेटर (हवेत इंधन मिसळून इंजिनाला देणारा भाग) समोरची हवा ओढायचा आणि तिच्याबरोबर धूळही आत जायची. धुळीतली वाळू बिडापेक्षा कठीण असते. ती सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलात मिसळली की घासायची पेस्टच तयार होते. मग पिस्टनच्या रिंगा झिजतात, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोठा होतो, कॉम्प्रेशन (आतला दाब) उतरतं आणि इंजिन तेल खाऊ लागतं.

सगळ्यात जास्त हाल ट्रॅक्टरचे, कारण तो स्वतःच उडवलेल्या धुळीत दिवसभर चालतो. म्हणून हवा गाळण्याचे पहिले मोठे प्रयत्न शेतात झाले. अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन यांनी 1915 मध्ये ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर बनवला आणि त्यातूनच त्यांची कंपनी उभी राहिली. 1917 पासून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये हवा पाण्यातून धुऊन घेतली जायची. पण पाणी उडून जातं, थंडीत गोठतं. तेलाची ही दोन्ही दुखणी नाहीत.

तेलाची युक्ती अजूनही दाद द्यावी अशी आहे. हवा वेगाने खाली येते आणि तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम वर वळते. हवा वळते, जड कणांना तितक्या झटकन वळता येत नाही; ते तेलात पडतात. उरलेली बारीक धूळ तेलाच्या तुषारांनी ओल्या झालेल्या जाळीत अडकते आणि निथळून खाली येते. म्हणजे गाळण्याचं खरं काम हवेचा वेग करतो. तेल कमी असेल तर हवेची गाठ तेलाशी नीट पडत नाही, जास्त असेल तर ते इंजिनात ओढलं जातं. डिझेल इंजिन अशा तेलावर बेभान पळूही शकतं. खुणेचं कारण इतकं साधं आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हाच क्लीनर होता. फोक्सवॅगन बीटलने तो 1970 च्या दशकापर्यंत वापरला. तोवर 1950 च्या दशकातच घडीच्या कागदाचे फिल्टर आले होते. इंजिन मंद फिरत असताना ऑइल बाथमधला हवेचा वेग कमी होतो आणि गाळणंही ढिलं पडतं. कागदाचं तसं नाही, तो बारीक धूळही जास्त पकडतो. शिवाय हात न बरबटता बदलता येतो. माझ्या मते मालकांना कागद आवडला तो मुख्यतः यासाठीच, कारण ऑइल बाथची सर्व्हिसिंग लोक टाळत आले.

आणि टाळली की तो फसवतो. तळाशी गाळ साचला तरी पातळी खुणेलाच दिसते. वरून पाहून पत्ता लागत नाही. म्हणून भांडं काढून जुनं तेल ओतावं, गाळ खरवडून काढावा, रॉकेलने धुऊन पुसावं, मगच मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ताजं तेल भरावं. बीटलच्या क्लीनरचा वरचा भाग सहसा धुवावा लागत नाही. खालची भोकं धुळीने बुजली असतील तर लाकडाच्या काडीने मोकळी करायची. तो भाग काढल्यावर उलटा ठेवायचा नाही. परत बसवताना गॅस्केट आणि क्लिपा घट्ट आहेत का ते बघावं, कारण तिथून शिरलेली हवा तेलाजवळ न जाता थेट कार्ब्युरेटरमध्ये जाते.