विल्म्स ट्यूमर: ‘स्टेज ३’ म्हणजे नेमकी कोणती?

सोलापूर, बीड, साताऱ्याहून पुण्यात उपचाराला येणाऱ्या लहान मुलांच्या फायलीत कधी कधी एवढेच लिहिलेले असते: ‘विल्म्स, स्टेज ३’. मूत्रपिंडाच्या या कॅन्सरच्या गाठीसाठी तेवढे पुरत नाही. स्टेज ठरवण्याच्या रीती दोन आहेत, आकडे मात्र तेच.

गाठीचे सविस्तर वर्णन १८९९ सालचे. पण नुसते मूत्रपिंड काढून फार मुले वाचत नसत. ॲक्टिनोमायसिन-डी आणि व्हिन्क्रिस्टीन ही केमोची औषधे आल्यावर चित्र पालटले आणि फाटाही तिथेच फुटला. १९६९ पासून चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी गटाने ‘आधी ऑपरेशन’ धरून ठेवले. युरोपीय गटाच्या १९७१ च्या पहिल्या चाचणीत थेट ऑपरेशन केलेल्या साधारण तीनातल्या एका मुलाची गाठ फुटली. ऑपरेशनआधी किरणोपचार दिलेल्यांत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. पुढे किरणांची जागा केमोने घेतली. तोच क्रम आजही चालतो: चार आठवडे दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टीन, पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात ॲक्टिनोमायसिन, मग ऑपरेशन. फुप्फुसात पसरलेली असेल तर सहा आठवडे, डॉक्सोरुबिसिन जोडून. बाळ १२ किलोच्या आत असेल तर डोस दोन तृतीयांश. तो कापायचा राहिला तर ॲक्टिनोमायसिन यकृतावर उलटू शकते.

घोळ आहे तो स्टेजचा. अमेरिकी रीतीत केमो आधी दिली किंवा ऑपरेशनपूर्वी बायोप्सी केली (तपासायला गाठीचा तुकडा काढला), की पोटातली गाठ आपोआप स्टेज ३. म्हणजे तिसरे औषध डॉक्सोरुबिसिन आणि पोटाच्या त्या बाजूला १०.८ ग्रे (किरणांच्या डोसाचे एकक) किरण. युरोपीय रीतीत स्टेज केमोनंतर काढलेल्या गाठीवर ठरते. सुईच्या बायोप्सीने ती वाढत नाही, पोट उघडून केलेल्या बायोप्सीने वाढते. आणि लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) गाठीच्या मेलेल्या पेशी सापडल्या तरी स्टेज ३. किरणांचा नेहमीचा डोस १४.४ ग्रे. एका रीतीची स्टेज घेऊन दुसऱ्या रीतीचा तक्ता लावला, तर एखाद्या मुलाला नको ते किरण मिळतात, नाहीतर हवे ते राहून जातात.

आपल्याकडे गाठ पोटभर झाल्यावरच मूल येते, म्हणून भारतातल्या बऱ्याच केंद्रांत आधी केमो देतात. ते योग्यच म्हणावे लागेल. शिवाय केमोला न जुमानता उरलेला ब्लास्टेमा (गाठीतल्या अपरिपक्व पेशी) हा मोठ्या धोक्याचा इशारा, तो आधी केमो दिल्याशिवाय कळतच नाही. उलट, मधल्या धोक्याच्या स्टेज २-३ च्या मुलांना डॉक्सोरुबिसिन टाळता येते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसले. हृदयावरचा भार तेवढाच कमी. अमेरिकी बाजूचा आक्षेपही खोटा नाही: बायोप्सीविना केमो दिली तर थोड्या मुलांना भलत्याच आजाराची औषधे जातात. म्हणूनच सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सहसा आधी ऑपरेशन. त्या वयात मेसोब्लास्टिक नेफ्रोमा ही मूत्रपिंडाची वेगळी गाठ असू शकते आणि तिला बहुधा ऑपरेशनच पुरते. गाठ रक्तवाहिन्यांना वेढून मध्यरेषा ओलांडत असेल, आत कॅल्शियमचे ठिपके असतील, तर न्यूरोब्लास्टोमा या दुसऱ्या कॅन्सरचा संशय धरून लघवीतले व्हीएमए (त्या आजारात वाढणारा घटक) आधी तपासायचे.

दोन्ही रीतींत बुडवणारी चूक एकच: लिम्फ नोड न काढणे. नोड नाहीत तर स्टेजवर भरवसा नाही. युरोपीय रीत किमान सात मागते. दुसरी चूक थिएटरातच होते. ‘आत काय आहे ते बघू’ म्हणून गाठ चिरली की कॅप्सूल (गाठीचे बाहेरचे आवरण) मागे सरकते आणि कडेपर्यंत आजार होता का, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. गाठ अख्खी पाठवायची. आधी बाहेरून शाई, मग काप. रिपोर्टवर ‘केमोआधी’ की ‘केमोनंतर’ हा शब्द नसेल, तर पुण्यातल्या टीमला ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) परत मागवावे लागतात आणि ते येईपर्यंत पुढची केमो अडते.